खुराडं रिकामं करताना

आईने स्वतःच्या मरणाची तयारी कोंबड्यांपासून सुरू केली.

नाशिकच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला बाहेर बाकावर बसवलं, मला आत बोलावलं आणि यकृतातल्या गाठींबद्दल सांगितलं. औषधाने दुखणं थोडं कमी होईल, बाकी काही होणार नाही, दोन-अडीच महिने धरून चाला, असं ते म्हणाले. मी तोंड धुऊन, चेहरा ठाकठीक करून बाहेर आले. ती सगळी मेहनत फुकट गेली, कारण आईने माझ्याकडे पाहिलंच नाही. रिक्षात बसल्यावर बोटांवर काहीतरी मोजत ती म्हणाली, "आठ कोंबड्या आन् एक कोंबडा. नऊ रविवार झाले."

"कसले नऊ रविवार?"

"दर रविवारी तू येतीच. एकेक कापायची. खुराडं रिकामं करून जायचंय मला."

रिक्षावाला आरशातून मागे बघायला लागला. मला आईचा इतका राग आला की मी तिला भर रस्त्यात गप्प बस म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच. ती गप्प बसली, पण बोटं तशीच नवावर थांबलेली होती.

आईचं घर निफाडच्या अलीकडे, द्राक्षबागांच्या मधल्या एका वस्तीवर. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्याखाली विटांचं खुराडं. वडील जाऊन वीस वर्षं झाली. मी एकुलती एक. मी पंचवटीत राहते, एका कार्यालयात टेबलामागे बसते आणि लोकांच्या अर्जांवर शिक्के मारते. आईला माझ्याकडे घेऊन यायचा विषय मी गेली दहा वर्षं काढत होते, आणि दर वेळी तिचं एकच उत्तर असायचं: कोंबड्यांचं काय? मी म्हणायचे, विकून टाक. ती माझ्याकडे असं बघायची, जणू मी तिलाच विकायला काढलंय.

आता तर व्यापाऱ्याचं नावसुद्धा काढू देईना. "त्यो पाय बांधून उलट्या टांगतो सायकलला. माझ्या हातनं दाणे खाल्लेत त्यांनी. अन् अशाच सोडून गेले, तर कुत्री हायेत, मुंगूस हाय. हाल नकोत त्यांचे. घरात वाढल्या, घरातच खायच्या."

"आणि तू चल ना माझ्याकडे. तिथून दवाखाना जवळ आहे."

"त्या संपल्या की मी मोकळी. मंग ने कुठं न्यायचं ते."

हे 'कुठं' म्हणजे कुठे, ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या वस्तीवर बाईने कोंबडी कापायची पद्धत नाही. बाई पिसं काढेल, आतडी धुवेल, मसाला वाटेल, पण सुरी धरायला पुरुष लागतो. पुरुष म्हटल्यावर कुठलाही चालतो. म्हातारा, आजारी, तर्र झालेला, कसाही. वडील गेल्यावर आई शेजारच्या आबांना हाक मारायची. एकदा मी माहेरी आले होते, नवीन लग्न झालेलं, जावई जेवायला होते आणि आबा कुणाच्या तरी बागेत गप्पा मारत बसलेले. सकाळची दुपार झाली. कोंबडी टोपल्याखाली, चुलीवर पाणी उकळून उकळून अर्धं झालेलं. शेवटी आईने पदर खोचला, सुरी घेतली आणि दोन मिनिटांत काम उरकून टाकलं. आबा आले तेव्हा रस्सा शिजत होता. वस्तीवर पुष्कळ नाकं मुरडली गेली. बाईने कापलेलं पचत नाही, असंही कुणीतरी म्हणालं. आई म्हणाली, "मंग नका खाऊ." त्या दिवसानंतर तिने कुणाचीही वाट पाहिली नाही.

पण आता तिचे हात थरथरायला लागले होते. म्हणून सुरी माझ्याकडे आली.

मी सेहेचाळीस वर्षांची बाई. कोंबडी खायला मला जन्मापासून आवडतं. पण ती मला ठाऊक होती ती आमच्या कॉलनीबाहेरच्या दुकानातल्या काळ्या पिशवीतली, तुकडे झालेली. लहानपणी वडील कोंबडी कापायला बसले की मी आत जाऊन अभ्यासाचं पुस्तक उघडायचे. माझी निम्मी भूमिती तशी झालीय.

पहिला रविवार. आदल्या संध्याकाळीच एका डोळ्याने अधू असलेली म्हातारी कोंबडी टोपल्याखाली झाकली होती. रात्रभर दाणा नाही, फक्त पाणी. गळ्याची पिशवी रिकामी हवी, नाहीतर कापताना घाण होते. आई ओट्यावर खाटेवर बसली, उशीला टेकून, आणि मी खाली मातीत. तिने एकेक सांगावं आणि मी करावं. पंख एकमेकांत अडकव. पाय तुझ्या पायाखाली घे, जोर नको देऊ. डाव्या हातात डोकं. आता मान ताण.

मी सुरी टेकवली आणि डोळे मिटले. अर्धवट चिरलं. कोंबडी पायाखालून सुटली, मी किंचाळले, तिचं रक्त माझ्या साडीवर, ओट्यावर, आईच्या खाटेवर. ती अंगणभर धडपडत फिरली. शेजारची काकी, म्हणजे आबांची बायको, धावत आली आणि तिने तिला धरलं.

आई माझ्यावर ओरडली नाही. कोंबडी शांत झाल्यावर ती म्हणाली, "हात चोरू नको पुन्हा. तू भीत भीत कापलं तर तिला दोनदा मरावं लागतं."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आईला तर आधीच जात नव्हतं. मसाला घालायच्या आधीचं पिवळं आळणी पाणी तिने दोन चमचे घेतलं. बाकीचं पातेलं आबांकडे गेलं. बाईने कापलेलं त्यांना उत्तम पचलं.

दुसऱ्या रविवारी मी डोळे उघडे ठेवले. तिसऱ्या रविवारी हात थरथरला नाही. मला हे सांगताना लाज वाटते, पण मला ते काम आवडायला लागलं. मारणं नव्हे, त्यानंतरचं. रक्त राखेवर निथळू द्यायचं. पाणी उकळतं घ्यायचं नाही, बोट बुडवलं की चटकन मागे घ्यावंसं वाटेल इतकंच गरम. त्यात कोंबडी तीनदा बुडवायची, पिसं मुठीने निघतात. मग भाजायची. खरड छाटणी नुकतीच झाली होती, द्राक्षाच्या काड्यांचे ढीग बांधाबांधावर पडले होते. आई म्हणायची, गवताचा जाळ काळा पडतो, काड्यांचा स्वच्छ. त्या जाळावर कोंबडी फिरवली की उरलीसुरली बारीक पिसं चरचर जळतात आणि कातडं सोनेरी होतं. त्यावर हळद चोळून धुवायची. तोवर ती कालपर्यंत अंगणात फिरत होती हे डोक्यातून निघून गेलेलं असतं. मग पोट.

पोटाला आई खाटेवरून वाकून बघायची. "सावकाश. हिरवी पिशवी दिसली का? ती पित्ताची. फुटली की सगळं कडू." मी श्वास रोखून ती काढायचे. मग काळीज हातावर घेऊन तिला दाखवायचे, तिनेच मागितलेलं असायचं. तांबूस, गुळगुळीत, कुठे डाग नाही.

"किती साफ हाय बघ," तिसऱ्या रविवारी ती म्हणाली. "माझ्यापेक्षा हिचं बरं होतं."

मी पेटा चिरून आतली पिवळी साल सोलत बसले. पेट्यात बारीक खडे असतात, दाणे दळायला कोंबडीने गिळलेले. त्या दिवशी एक निळ्या काचेचा तुकडा निघाला, बांगडीचा. आईने तो हातात घेतला, साडीला पुसला आणि ही कुठली, कधीची, याचा विचार करत तासभर पडून राहिली. शेवटी म्हणाली, माझीच असेल.

चौथी तांबडी होती. अंड्यावरची. मी म्हटलं, आई, हिला राहू दे, ही अजून अंडी देते. आई म्हणाली, "अंडी खाणार कोण?" आत अंड्यांचा घड निघाला. एक पूर्ण, कवच आलेलं. मागे एक बिनकवचाचं. मग लहान लहान होत गेलेले पिवळे गोळे, शेवटचे मोहरीएवढे. उद्याचं, परवाचं, पुढच्या महिन्याचं. आईने आयुष्यभर द्राक्षबागांत घडांची विरळणी केली. मणी मोठे व्हावेत म्हणून बारके काढून टाकायचे, हे तिचं काम. तिने तो घड हातात घेतला आणि उगाचच एकेक गोळा बोटाने मोजला. त्या दिवशी मी रस्सा करताना रडले. कांदा-खोबरं भाजताना कुणालाही रडता येतं, ती एक सोय आहे.

हे सगळं चालू असताना आई आटत होती. पहिल्या रविवारी ती खाटेवर बसली होती. दुसऱ्या रविवारी टेकली होती. चौथ्या रविवारी ती आडवी होती आणि मान वळवून बघत होती. आठवडाभर मी कार्यालयात बसून शिक्के मारायचे आणि हिशेब करायचे. पाच राहिल्या. म्हणजे पाच रविवार. हा हिशेब कुणी केला होता? आईने. मग मला असं वाटायला लागलं, की आईने जेवढे पक्षी तेवढेच दिवस स्वतःला दिलेत. खुराडं रिकामं झालं की ती जाणार. मी एम. ए. झालेली बाई आहे. हे असं वाटणं खुळचट आहे हे मला तेव्हाही कळत होतं. तरीही खुराड्यात एक जास्त असली तर एक रविवार जास्त मिळेल, हे मनातून जाईना.

शनिवारी मी बाजारातून एक कोंबडी आणली. तांबडी, चौथीसारखीच. पायाला दोरी बांधलेली, पिशवीत घालून, एसटीत मांडीवर घेऊन. वस्तीवर पोचले तेव्हा दिवस मावळत होता. कोंबड्यांना अंधारात दिसत नाही, नवीन कोंबडी अंधारात आत सोडली की सकाळी बाकीच्या मारत नाहीत, असं मी लहानपणी ऐकलं होतं. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी ती गपचूप आत सोडली आणि खुराड्याला फळी लावली.

सकाळी कोंबड्या बाहेर आल्या. आई खाटेवर कुशीवर पडली होती, डोळे अर्धे मिटलेले. मला वाटलं, तिला आता पाचवी सहावी काय कळतंय. ती म्हणाली, "ती पाव्हणी कोण?"

"कोण पाव्हणी?"

"तांबडी. उजवा पाय जरा लांब टाकती ती. आपली नाय."

आई माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसली. दात नसलेलं, पोट धरून, दुखत असतानाही. शेवटचं ते. "अगं येडे, मी काय कोंबड्यांसाठी थांबणार हाय का? यमाला काय आंडी द्यायचीत?"

मीही हसले. दोघी हसलो. तो एक क्षण मी अजून जपून ठेवलाय, कारण त्याच्या पुढच्या क्षणी तिचं हसू थांबलं.

"रात्री कुठं ठेवली होती हिला?"

"खुराड्यात."

"सगळ्यांत?"

तिच्या तोंडावरचा रंगच गेला. आणि मला आठवलं. बाजारातून आणलेली कोंबडी आई कधीही थेट आत घ्यायची नाही. घरामागे, वेगळ्या टोपल्याखाली, पंधरा दिवस. तिचा दाणा वेगळा, पाणी वेगळं. तिला हात लावला की हात धुवायचे. लहानपणी ते टोपलं उचलायला गेले म्हणून मी मारही खाल्ला होता. आमच्या घरात हा नियम देवाच्या नियमासारखा होता. बाजारात मर असते. राणीखेत. एका कोंबडीमागून सगळा कळप जातो. त्यावरची लस आई दर वर्षी न चुकता टोचून आणायची. या वर्षी ती दवाखान्याच्या फेऱ्यांत राहिली होती. तेही मला ठाऊक होतं.

"उचल तिला आधी," आई म्हणाली. मी तिला उचलून घरामागे टोपल्याखाली ठेवलं. परत आले तेव्हा आई उठून बसायचा प्रयत्न करत होती. "आता ऐक. आज सगळ्या काप."

"सगळ्या?"

"चार कोंबड्या हायेत आपल्या अन् कोंबडा. पाचही आजच. आज चांगल्या हायेत, आज खाता येतील. काकीला बोलव हाताखाली. वस्तीवर घरोघर वाट, म्हणावं माझ्या हातचं शेवटचं. कोंबडाबी काप. ऐक माझं."

मी तिचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथे संपली असती, आणि तिच्या मनासारखी संपली असती. संध्याकाळपर्यंत वस्तीवर सात-आठ घरांत रस्सा शिजला असता. आई खाटेवर पडून वास घेत राहिली असती. खुराडं रिकामं झालं असतं, तिने ठरवल्याप्रमाणे, तिच्यासमोर.

मी नाही म्हणाले. मी घर डोक्यावर घेतलं. काही होत नाही, त्या कोंबडीला काहीही झालेलं नाही, चांगली टुणटुणीत आहे, तुझं आपलं काहीतरीच. मी एवढा आरडाओरडा केला की आबा बाहेर येऊन बघून गेले. खरं काय ते मी आता सांगू शकते. पाचही आज कापल्या तर पुढचा रविवार कशाला उरणार होता? आईला मी हे सांगितलं नाही. तिला ते कळलं असावं, कारण ती वाद सोडून परत आडवी झाली.

"बरं," ती म्हणाली. "एक काप मग. करडी."

मी करडी कापली. हात स्वच्छ चालला. आईने आळणी पाण्याचा फक्त वास घेतला आणि वाटी बाजूला केली.

बुधवारी काकीचा फोन आला. टोपल्याखालची तांबडी मेली होती. मी रजा टाकून गेले. आईच्या तीनही कोंबड्या तोवर धडधाकट होत्या. मला वाटलं, वाचलो. शुक्रवारी पांढरी एका कोपऱ्यात पंख गाळून बसली. तोंड उघडं टाकून श्वास घेत होती, खाली हिरवं पाणी. शनिवारी सकाळी मेली. मग उरलेल्या दोन्ही, दोन दिवसांत. आणि मग कुंपणापलीकडे काकीच्या. तिच्या चार कोंबड्या आणि एक कोंबडा, ज्यांना मी हातही लावला नव्हता. वस्तीच्या त्या टोकाच्या सगळ्या घरांत मर शिरली. मेलेल्या कोंबड्या खायच्या नसतात, विकायच्या नसतात, उघड्यावर टाकायच्याही नसतात. मी घरामागे खड्डा खणला. आबांनी चुना आणून दिला. ते काही बोलले नाहीत. काकी मात्र बोलली.

"तुझ्या आईनं इतकी वर्षं जपलं सगळं. एक कोंबडी मेली नाय तिची रोगानं. अन् तू..." पुढचं तिने गिळलं. दुपारी मात्र आईसाठी पेज घेऊन आली, रोजच्यासारखी. माझ्याशी बोलली नाही. बरोबर होतं तिचं.

आईला मी काही सांगायची गरज नव्हती. ती खाटेवरून बघत होती. एकेक कोंबडी मी फावड्यावर घेऊन मागे न्यायचे आणि आई तिला डोळ्यांनी पोचवायची. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. मला वाटत होतं, द्यावा. चार शिव्या घालाव्यात. तिच्यात तेवढी ताकद नव्हती, की तिला गरज वाटली नाही, हे मला आजही माहीत नाही.

कोंबडा सगळ्यांत शेवटी राहिला. त्याची मान एका बाजूला वळली होती. तो गोल गोल फिरायचा, दाण्यावर चोच मारायला जायचा आणि चोच वीतभर दूर मातीत पडायची. आरवायला मान वर करायचा आणि तोल जाऊन पडायचा.

या कोंबड्याला आईने सुरुवातीपासून शेवटचा नंबर दिला होता. मी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "रातीला झोप नाय लागत. पोटात आग पडती. त्यो आरवला की कळतं, झाली बाई एक रात. मंग बरं वाटतं." तिच्या खोलीत घड्याळ होतं, पण तिला त्याचे आकडे कळत नव्हते. तिची रात्र संपायची ती कोंबड्याने सांगितल्यावरच.

"त्याला काप," ती म्हणाली. "खायला नाय. सोडव त्याला."

मी त्याला खड्ड्याच्या काठावर नेलं. आईने खाट हलवायला लावली, मागच्या दारातून तिला दिसेल अशी. पंख अडकवले. पाय पायाखाली. वाकडी मान मी हलकेच सरळ केली, ताणली, आणि एका हाताने, एका दमात कापली. तो धडपडलाही नाही. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली कापणी होती आणि ती चुन्यात गेली.

मी हात धुऊन आत आले. "आता जमलं तुला," आई म्हणाली. ती मला शाबासकी देत होती. मी तिच्या खाटेच्या पायाशी बसून ओक्साबोक्शी रडले, आणि तिने हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला. तो हात पिसासारखा हलका झाला होता.

खुराडं रिकामं झालं. नऊ रविवारांतले पाचच ठरल्यासारखे झाले, पाच पक्षी पातेल्यात गेले आणि चार खड्ड्यात. मी रजा वाढवून तिथेच राहिले. तिला पंचवटीला नेण्याचं आता कुणीच बोलत नव्हतं. आबांनी खुराड्यात चुना मारला आणि फळी उघडीच ठेवली. अंगणात पिसं उडत राहिली. कितीही झाडलं तरी दुसऱ्या दिवशी कुठून तरी एखादं यायचंच.

त्यानंतर ती तीन आठवडे होती. औषधांची मात्रा वाढवली होती, त्या गुंगीत तिला कधी कळायचं, कधी नाही. पहाटेच्या आधी केव्हातरी ती विचारायची, "आरवला का गं?"

पहिल्यांदा मी खरं सांगितलं. "आई, कोंबडा नाही आता." तिचे डोळे थोडा वेळ छताकडे राहिले. मग तिला आठवलं. मी कापलेला, खड्डा, चुना, सगळं. ते तिच्या तोंडावर पुन्हा उमटलेलं मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिने विचारायचं, मी सांगायचं, तिने पुन्हा पहिल्यापासून गमवायचं. काकीचा कोंबडाही नव्हता, की दुरून तरी ऐकू यावा. वस्तीवर त्या उन्हाळ्यात कुठेच कोंबडा आरवत नव्हता. मी तिला एक रविवार जास्त मिळवून द्यायला निघाले होते आणि तिच्या रात्रींचा शेवट काढून घेतला होता.

मग मी खोटं बोलायला शिकले. "आरवला का गं?" "आरवला, आई." मग ती सुस्कारा टाकायची आणि म्हणायची, "झाली बाई एक." आणि डोळे मिटायची. कधीकधी एकाच रात्री तीनदा विचारायची, मी तीनदा आरवला म्हणायचे. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शेवटच्या रात्री तिने विचारलंच नाही. मी जागी होते, उत्तर तयार ठेवून. बागेवरून उजेड आला, काकीच्या घरी चूल पेटली, दूधवाल्याची गाडी गेली. आईचा श्वास लांब लांब पडत चालला होता. मी खाली वाकले आणि तिच्या कानाशी, तिने न विचारताच, म्हणाले, "आई, आरवला."